मोर्शीच्या मोटारीचा पंखा

किस्से कोणी जमवत नाही राजेहो, ते आपोआप साचतात. मोटारीच्या बुडाशी काजळी साचते ना, तसे. मी अमरावती-मोर्शी मोटार चार वर्षं चालवली, आणि त्यातला निम्मा वेळ तरी मोटारीत नाही, मोटारीच्या मागं उभं राहून काढला. नातवंडं म्हणतात, आजोबा, लढाईतली गोष्ट सांगा. त्यांना वाटतं मी कुठं तरी लढायला गेलो होतो. मी लढलो तो एका पंख्याशी, आणि बहुतेक वेळा हरलो.

जर्मनीशी लढाई सुरू झाली आणि पेट्रोल कुपनावर गेलं. मालकांनी मोटारीच्या पाठीमागं माणसाएवढी लोखंडी टाकी बसवून घेतली. तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, खालच्या बारक्या खिडकीतून विस्तव टाकायचा आणि बाजूचा पंखा हातानं फिरवायचा. पंख्याची हवा नळीतून विस्तवाला लागली की कोळसा फुलतो, त्याचा गॅस होतो आणि त्या गॅसवर इंजिन चालतं. एकदा इंजिन लागलं की ते आपली हवा आपणच ओढतं, मग पंख्याचं काम नाही. पण मोटार जरा जास्त थांबली की विस्तव मंदावतो, आणि पुन्हा पंखा आलाच. साहेब लोक त्याला ब्लोअर म्हणत. लोक आमच्या मोटारीला शेगडी म्हणत. थंडीत मागच्या बाकासाठी भांडणं व्हायची, कारण टाकीची ऊब तिथं यायची. चैतात त्याच बाकावर कोणी आपलं गाठोडंसुद्धा ठेवत नसे.

पंखा फिरवायचं काम नामदेवभाऊंचं. क्लीनर म्हटलं की कोणी पोरगा डोळ्यासमोर येतो, पण नामदेवभाऊ पंचावन्नचे होते. आधी टपालाच्या टांग्यावर होते. टांगा बंद झाला, मालकांनी त्यांना मोटारीवर घेतलं. मी तेव्हा तिशीतला. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला चारचौघांत डायवर म्हणायचे आणि राग आला की गणपत. माझं नाव जास्त वेळा निघायचं.

*

पंखा पहिल्यांदा रुसला तो माहुलीच्या थांब्यावर. नामदेवभाऊंच्या हातात हँडल गरगर फिरत होतं, पण आतलं पातं जागचं हलत नव्हतं. उतारू खाली उतरले. आपल्याकडे मोटार बंद पडली की प्रत्येक उतारू मिस्त्री होतो.

एका कास्तकारानं टाकीला कान लावला आणि म्हणाला, "हिचं पोट फुगलं हाय."

दुसरा म्हणाला, "कोळसा ओला असंन."

पहिल्यानं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. मला म्हणाला, "काल हिले किती चालवलं?"

"रोजच्याइतकंच."

"मंग आज सोडा तिले. ढोरालेबी एखादा दिवस सुट्टी देतो आपन. सरकीची ढेप चारा अन् बांधून ठेवा."

मी टाकीखाली उताणा पडून पाहत होतो. हँडलची खीळ निसटली होती, दोन मिनिटांचं काम. ती बसवली, पंखा फिरला, इंजिन लागलं. मी हात पुसत होतो तेव्हा तो कास्तकार जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आयकत जा आमचं. ढेपेचं नाव काढलं अन् उठली का नाई?"

*

पहिली तक्रार वकीलसाहेबांची.

आमच्या परमिटाची एक अट होती. मोटारीत तक्रारवही ठेवायची, आणि मोटार वेळेवर न पोचल्याच्या तीन लेखी तक्रारी त्या वहीत झाल्या की परमिट रद्द. मालकांनी हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नामदेवभाऊंनी तेव्हा विचारलं होतं, "अन् लोकाईले लिवता नाई आलं त?" मालक म्हणाले, तर आपलं नशीब.

वकीलसाहेबांना लिहिता येत होतं. त्यांची मोर्शीच्या कोर्टात अकराची तारीख होती. अमरावतीच्या स्टँडवरच पंखा फिरेना. हँडल जड नव्हतं, खीळ जागेवर होती, पाती साफ होती. हँडलपासून पंख्यापर्यंत एक चामडी पट्टा होता, तो नुसता घसरत होता. मी पट्टा आवळला, तरी घसरे. काढून आखूड केला, तरी घसरे. शेवटी बोट लावून पाहिलं तर पट्टा लोण्यासारखा गुळगुळीत.

"भाऊ, याले काय लावलं?"

"वंगन," नामदेवभाऊ म्हणाले. "काल कुरकुरत होता. बैलबंडीचा आस कुरकुरला का आपन काय लावतो?"

"वंगन आसाले लावतात भाऊ. पट्ट्याले नाई लावत."

"काहून? आस फिरते, हाबी फिरते."

मी तो पट्टा राखेनं घासला, चिंध्यांनी पुसला, पुन्हा राखेनं घासला. दीड तास गेला. मोर्शीला पोचलो तेव्हा वकीलसाहेबांचा पुकारा होऊन गेला होता. त्यांनी शांतपणे वही मागितली, इंग्रजीत सबंध पानभर लिहिलं आणि इकडंतिकडं पाहून म्हणाले, "साक्षीदाराची सही लागेल." जवळ मीच उभा होतो. मी केली.

संध्याकाळी मालकांनी वही पाहिली. "हे काय लिवलं हाय, समजलं का तुले?"

"नाई."

"मंग खाली ही सही कोनाची?"

"माही."

मालकांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

*

कापसाच्या हंगामात पंखा पुरता बंद झाला. हँडलच हलेना. अमरावतीच्या मिस्त्र्यानं पाहिला आणि म्हणाला, अकोल्याला न्या, जठारपेठेत असली कामं करणारा एक माणूस आहे. मोटार उभी करून ठेवली, पंखा काढला, घोंगडीत गुंडाळला आणि बडनेऱ्याहून रेल्वेत बसलो. खाली ठेवायला जागा नव्हती म्हणून मांडीवर घेतला. आदल्या रात्री झोप नव्हती, डोळे मिटत होते.

समोर बार्शीटाकळीची एक बुढी बसली होती. बराच वेळ घोंगडीकडे पाहून म्हणाली, "लेकरू लय गुमान हाय."

मला खुलासा करायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "आजारी हाय."

"काय झालं बाप्पा?"

"श्वास अडकला हाय."

"अवं माय! कोठी नेऊन राहिला?"

"जठारपेठेत."

"डॉक्टर बरा हाय का?"

"डॉक्टर नाई, मिस्त्री हाय."

बुढीनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आपलं गाठोडं उचललं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. अकोला येईपर्यंत ती शेजारणीला काहीतरी सांगत होती आणि दोघी माझ्याकडे पाहत होत्या.

जठारपेठेतल्या मिस्त्र्यानं पंखा उघडला आणि आतून कापूस काढायला लागला. काढतोय, काढतोय. रस्त्यानं जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या कापसाच्या बंड्या, त्यांचा उडणारा कापूस, तो सगळा आमच्या पंख्यानं ओढून पोटात ठेवला होता. मिस्त्र्यानं त्याचा ढीग केला, हातानं दाबून पाहिला आणि म्हणाला, "एक उशी होईन. घेऊन जा, तुमचाच माल हाय."

मी खरंच घेऊन आलो. उशी झाली नाही, पण नामदेवभाऊंनी त्याच्या वाती वळल्या. रोज सकाळी मोटारीपुढं दिवा लावायचे. म्हणायचे, हिचंच हिले वाहतो.

*

दुसऱ्या तक्रारीला कारण गोदामावशी. माहुलीकडच्या माळ्याची बाई, मोर्शीच्या बाजाराला रोज भाजी न्यायची. वांगी, मिरच्या, कांद्याची पात. आवाज असा की आमच्या मोटारीला हॉर्न नसता तरी चाललं असतं.

त्या दिवशी माहुलीला एका बंडीवाल्याच्या भानगडीत मोटार बराच वेळ थांबली आणि विस्तव मंदावला. नामदेवभाऊ पंखा फिरवायला लागले. पंखा फिरत होता. पट्टा कोरडा, खीळ जागेवर, आत कापूस नाही. तरी विस्तव फुलेना. मी नळीला हात लावून पाहिला, पंख्याजवळ हवा लागत होती, पण टाकीपर्यंत जात नव्हती. मधे कुठं तरी अडत होती. नळीची एकेक जोडणी सोडवत गेलो. उतारूंत एक हेडमास्तर होते, ते दर पाच मिनिटांनी घड्याळ काढत आणि परत ठेवत. त्यांच्या शाळेत त्या दिवशी वरचे साहेब तपासणीला येणार होते.

शेवटी नळी जिथं टाकीत शिरते तिथं तारेचा आकडा घातला. काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर भलं मोठं वांगं बाहेर आलं. सगळ्या बाजूंनी भाजलेलं, साल सुटलेली, आत मऊ.

मी ते हातात धरून उभा राहिलो. उतारू पाहत होते.

गोदामावशी गर्दीतून पुढं आली. मला वाटलं, आता माफी मागेल. तिनं वांगं दाबून पाहिलं आणि म्हणाली, "देठाजवळ कच्चं राहिलं वं. फेकू नका डायवर भाऊ, माहं हाय."

मग कळलं की हे पहिलं नव्हतं. महिनाभर ती विस्तवाच्या खिडकीतून वांगी टाकत होती आणि मोर्शीला उतरताना काढून घेत होती. ते एक गडगडत नळीच्या तोंडाशी जाऊन बसलं, म्हणून सापडलं. निम्म्या उतारूंना हे माहीत होतं. निम्म्यांनी ते भरीत खाल्लंही होतं.

हेडमास्तरांनी वहीत मराठीत लिहिलं, अक्षर मोत्यासारखं. उशिराचं कारण: वांगे. मालकांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "पंखा गेला, कोळसा ओला, टायर फुटलं, हे मी साहेबाले समजावून सांगतो. हे मी कसं सांगू?"

*

मी पाटी रंगवून टाकीवर लावली: या मोटारीत वांगी भाजू नयेत.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तर आत चार कांदे.

गोदामावशीला वाचता येत नव्हतं, पण पाटीवर काय आहे ते तिनं विचारून ठेवलं होतं. मला म्हणाली, "कांद्याचं कोठी लिवलं हाय?"

मी पाटी बदलली नाही. बदलून काय, तिनं मका टाकला असता.

*

एकदा मोर्शीच्या एका कापडवाल्यानं वही मागितली. मोटार फक्त पाऊण तास उशिरा होती, पण त्याचं डोकं गरम होतं. मी सीटखाली हात घातला तर वही नाही.

"वही कुठाय?" त्यानं नामदेवभाऊंना विचारलं.

"बैलानं खाल्ली."

"मोटारीत बैल कुठून आला?"

"त्याचाच त इचार करून राहिलो मी," नामदेवभाऊ म्हणाले आणि खरंच विचार करत असल्यासारखे उभे राहिले.

कापडवाल्याला हसू आलं आणि तो निघून गेला. वही मला कोळशाच्या पोत्यांखाली सापडली. मी नामदेवभाऊंवर फार ओरडलो. वही मोटारीत नसणं हाच मोठा गुन्हा होता, इन्स्पेक्टरनं पाहिलं असतं तर तिसऱ्या तक्रारीची वाटच पाहावी लागली नसती. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "तुयं काय गणपत. लष्कराले डायवर पाह्यजेच. उद्या परमिट गेलं त परवा तू दुसऱ्या गाडीवर. मले कोन ठेवीन? टांग्याचा लगाम होता हातात, तो गेला. आता हे हँडल हाय."

त्यांचे तळवे मी त्या दिवशी नीट पाहिले. हँडल धरून धरून दोन्हीकडे घट्टे पडले होते. रोज त्यांच्यावर चिडायचो मी. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. वही मी पुन्हा सीटखाली ठेवली, आणि तेव्हापासून रोज सकाळी पंख्याची खीळ, पट्टा, नळी, पाती सगळं स्वतः पाहायला लागलो. वांगीसुद्धा.

*

आता हे शेवटचं सांगतो आणि उठतो.

संत्र्यांचे दिवस, थंडी. अमरावतीच्या स्टँडवर खाकी टोपीतले एक गृहस्थ पुढच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "मी मोटारखात्याचा इन्स्पेक्टर. वही द्या." त्यांनी दोन्ही तक्रारी वाचल्या. वांग्याची तक्रार वाचताना भुवया वर गेल्या. वही मांडीवर ठेवून बसले. मागच्या बाकावर वकीलसाहेब होते. नामदेवभाऊंनी टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मागं जाऊन पंख्यापाशी उभे राहिले.

माहुलीला गोदामावशी टोपल्या घेऊन चढली, आणि लेहगावपर्यंत मोटार अशी गेली की मला वाटलं, सुटलो. लेहगाव ओलांडलं आणि रस्त्यात संत्र्यांची बंडी उलटलेली. सगळा रस्ता संत्र्यांनी भरलेला. ती वेचून बंडी बाजूला करेपर्यंत इंजिन थंड, विस्तव मंद. नामदेवभाऊंनी हँडल धरलं, दोन वेढे दिले आणि आतून कडकड आवाज आला. मी पंखा उघडला. आतल्या दातेरी चाकाचे तीन दाते झडून खाली पडले होते. रस्त्यावर होणारं काम नव्हतं ते. खीळ नाही, पट्टा नाही, कापूस नाही, वांगं नाही. यावेळी पंखाच संपला होता.

"किती वेळ?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"दहा मिन्टं," मी म्हणालो. खोटं बोललो, तेही कळण्यासारखं.

नामदेवभाऊ टाकीपाशी खाली बसले होते. झडलेले दाते त्यांनी तळहातावर घेतले होते आणि ते कुठं बसवता येतील का ते पाहत होते. मला तिकडे पाहवेना.

तेव्हा गोदामावशी उतरली. तिच्यामागं बाजारच्या चार बाया. कोणाच्या तरी बाजारच्या सामानात नवी सुपं होती, ती सोडली. विस्तवाच्या खिडकीपुढं बसल्या आणि सुपानं वारा घालायला लागल्या. दोघी दमल्या की दुसऱ्या दोघी. बापये आधी पाहत राहिले, मग त्यांनीही उपरण्यानं वारा घालायला सुरुवात केली. धूर, राख, खोकला. हळूहळू आतला कोळसा लाल झाला.

"विस्तव फुललाच हाय, त वाया काहून घालवाचा?" गोदामावशी म्हणाली आणि टोपलीतली वांगी आत टाकली. पाटी तिच्या डोक्यावरच होती. तिच्याकडे बोट दाखवायलाही माझ्यात जीव उरला नव्हता.

वांगी भाजून निघाली. कोणाच्या गाठोड्यातून भाकरी आल्या, कोणी मिरच्या भाजल्या, कांदा हातानं फोडला. "मीठ इसरली वं माय," गोदामावशी म्हणाली. पळसाच्या पानावर भाकरी आणि भरीत ठेवून तिनं इन्स्पेक्टरपुढं धरलं. त्यांनी पानाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पान घेतलं.

गॅस धरला. इंजिनकडे जाणाऱ्या गॅसच्या नळीच्या तोंडाशी काडी लावली तर निळी ज्योत उभी राहिली. इंजिन लागलं. सव्वा तास गेला होता.

सगळे बसल्यावर इन्स्पेक्टर उठून उभे राहिले. वही उघडली, पेन काढलं. "मोटार सव्वा तास बंद होती. ज्यांची तक्रार असेल त्यांनी सांगावं, मी लिहून घेतो."

नामदेवभाऊ दारात उभे होते, हात मागं बांधून.

"बंद कोठी होती?" गोदामावशी म्हणाली. "आमी जेवाले थांबलो होतो."

"रोजच थांबतो," मागून कोणीतरी म्हणालं.

"भरताचे वांगे निघाले का इथीच थांबतो," आणखी एक.

इन्स्पेक्टरनं सबंध मोटारीवरून नजर फिरवली आणि ती वकीलसाहेबांवर थांबली. "पहिली तक्रार आपलीच आहे ना? आपण शिकलेले आहात. आपण सांगा."

वकीलसाहेबांची दहाही बोटं काळी झाली होती. सोललेल्या वांग्यांची काजळी. ती त्यांनी रुमालात लपवली नाहीत. म्हणाले, "थांबा जेवणाचाच होता. मी स्वतः जेवलो. मला आणखी काही सांगायचं नाही."

इन्स्पेक्टर बसले. मोर्शीच्या स्टँडच्या आधी त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, सही केली, वही माझ्या हातात दिली आणि उतरून चालायला लागले.

नामदेवभाऊ जवळ आले. "वाच गणपत."

"थांबा भाऊ."

"वाच. काय असंन ते असो."

मी वही उघडली. तक्रारींच्या पानावर काही नव्हतं. मागं शेऱ्यांचं पान असतं, तिथं दोनच ओळी होत्या. "लेहगावपुढील जेवणाच्या थांब्यावर मीठ उपलब्ध नाही. त्वरित व्यवस्था करावी."

नामदेवभाऊंनी दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीशेजारी एक खिळा ठोकला आणि त्याला मिठाची पुरचुंडी टांगली.